प्रौढपणी परिचारिका होताना



रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला मनुष्य कोणत्याही जातीचा, धर्माचा वा भाषेचा असो, रात्री तहान लागली की त्याच्या तोंडून एकच हाक निघते, ‘सिस्टर!’ हाक मारणारे आजोबा ऐंशीचे आणि धावून येणारी मुलगी बावीस वर्षांची, त्यांच्या नातीएवढी; तरी ती सिस्टरच. हा शब्द आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला आणि इंग्रजांकडे तो मठांतून आला. युरोपात कित्येक शतके रुग्णांची शुश्रूषा बहुतांशी धर्मभगिनी करीत असत. पुढे मठाबाहेरच्या स्त्रियांनी हे काम हाती घेतले, तेव्हा पोशाख बदलला, व्रत गेले, पगार आला. संबोधन मात्र मागे राहिले. मी कॅथॉलिक कुटुंबात वाढले आणि मराठी शाळेत शिकवते. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या सिस्टर मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. दोघींच्याही चालण्यात एक विशेष घाई असते, एवढे साम्य मला आजही जाणवते.

ह्याच रुग्णालयात दुसरीही एक हाक ऐकू येते. ती म्हणजे ‘मावशी’. फरशी पुसणारी, भांडे आणून देणारी, चादरी गोळा करणारी बाई ती मावशी. हाक मोठी प्रेमळ, परंतु पगार थोडा, शिक्षण नाही आणि मान तर त्याहूनही नाही. एकीची हाक वयावर ठरत नाही, दुसरीची बहुधा वयावरूनच ठरते. आज मला ज्या स्त्रीविषयी बोलावयाचे आहे ती ह्या दोन हाकांच्या मधोमध उभी आहे. तिने तिशी ओलांडली आहे, कदाचित पस्तिशीही. घरातले आजारपण तिने वर्षानुवर्षे काढले आहे. आणि आता तिला रीतसर शिकून परिचारिका व्हावयाचे आहे.

अशा स्त्रिया थोड्या नाहीत. पालकसभा आटोपली की मुलाच्या गुणांविषयी बोलून झाल्यावर एखादी आई घुटमळत मागे राहते आणि पदराचे टोक बोटाला गुंडाळीत विचारते, “बाई, ह्या वयात काही शिकता येईल का?” काय शिकावेसे वाटते असे विचारले, की कुणी शिवणकाम सांगते, कुणी संगणक. परंतु ‘नर्सिंग’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याचे आश्चर्य वाटत नाही. सासऱ्यांच्या अर्धांगवायूची चार वर्षे जिने काढली, तिला आपल्या हाताला काही येते असे वाटू लागले तर त्यात नवल ते काय? तिच्या वाटेतला पहिला धोंडा मात्र लोकांनी टाकलेला असतो. ‘हे वय का शिकण्याचे?’ असे जो तो म्हणतो.

वयाचा हा प्रश्न इतिहासात डोकावून पाहिला तर मोठा गमतीचा दिसतो. ज्यांना आधुनिक परिचर्येची जननी म्हणतात त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांना आपल्या कार्याची हाक सतराव्या वर्षी, म्हणजे १८३७ साली ऐकू आली. घरची माणसे श्रीमंत व प्रतिष्ठित. मुलीने रुग्णालयात काम करावे ही कल्पनाच त्यांना असह्य. झगडण्यात चौदा वर्षे गेली. १८५१ साली जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कैसर्सवर्थ येथे त्या काही महिने शिकल्या, तेव्हा त्यांचे वय एकतीस होते. १८५३ साली लंडनमधील एका लहानशा रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली तेव्हा तेहतीस. १८५४ साली अडतीस परिचारिका घेऊन त्या क्रिमियाच्या युद्धातील जखमींसाठी तुर्कस्तानात गेल्या हे आपण शाळेत शिकतो. परंतु १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने जी शाळा निघाली, तिच्या नियमांत विद्यार्थिनीचे इष्ट वय पंचवीस ते पस्तीस असे लिहिलेले होते, हे फारसे कुणी सांगत नाही. आज ज्या वयात मुली शिक्षण संपवून नोकरीला लागलेल्या असतात, त्या वयात तेथे शिक्षणाचा आरंभ होत असे.

त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लष्करी रुग्णालयांतील परिचारिकांची व्यवस्था १८६१ साली डोरोथिया डिक्स ह्या बाईंकडे सोपवण्यात आली. त्या स्वतः एकोणसाठ वर्षांच्या होत्या. १८६२ साली त्यांच्या कचेरीतून जे परिपत्रक निघाले, त्यात पस्तीस वर्षांच्या आतली आणि पन्नास वर्षांपुढची उमेदवार घेतली जाणार नाही, असा स्पष्ट नियम होता. पोशाख तपकिरी, करडा किंवा काळा असावा, दागिने नसावेत, अशाही अटी होत्या. नियम पुष्कळांना जाचक वाटला. कामाची निकड वाढली तेव्हा तो वाकवावाही लागला. पण पस्तीस हा आकडा आपण लक्षात ठेवावा. त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

ह्याच युद्धात क्लॅरा बार्टन नावाची एक कारकून स्त्री आपली कचेरी सोडून जखमींच्या सेवेला लागली. तिचे वय तेव्हा एकोणचाळीस. कारकुनीपूर्वी दहा वर्षांहून अधिक काळ ती शाळेत शिकवीत होती. डिक्सबाईही आधी शिक्षिकाच. आणि आपल्याकडील सावित्रीबाई फुले! १८९७ साली पुण्यात प्लेगने कहर मांडला, तेव्हा सहासष्टाव्या वर्षी त्यांनी रुग्णांची शुश्रूषा पत्करली आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्या वारल्या. शिक्षकी पेशातून रुग्णाच्या खाटेकडे जाणारी ही वाट बरीच रुळलेली दिसते. खडू ठेवून थर्मामीटर उचलावा असे आम्हा शिक्षिकांना का वाटत असावे, ह्याचा मी पुष्कळदा विचार करते. शिकवण्यात आणि शुश्रूषेत दुसऱ्याच्या गतीने चालावे लागते, हे त्याचे एक कारण असेल.

पुरुष श्रोत्यांनी रुसू नये. कॅथॉलिक परंपरेत परिचारकांचा आश्रयदाता मानलेला संत पुरुषच आहे, आणि तोही प्रौढपणी ह्या कामात पडलेला. देवाचा योहान असे त्याचे नाव. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडाशी ज्याच्या सणाला विहिरीत उड्या घेतात तो सांजांव वेगळा. हा सोळाव्या शतकातला, पोर्तुगालमध्ये जन्मलेला; मेंढपाळ, मग शिपाई, मग ग्रानाडा शहरात पुस्तकविक्रेता. चाळिशी उलटल्यावर त्याचे चित्त भ्रमले असे समजून लोकांनी त्याला रुग्णालयात कोंडले, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे फटके दिले. बाहेर पडल्यावर त्याने रोग्यांसाठी स्वतःचे घर उघडले. खाटेवरून रुग्णालय कसे दिसते हे त्याला कुणी शिकवावे लागले नाही.

आता पुण्याकडे वळू. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले. त्यांच्या पत्नी रमाबाई ह्यांनी पुढे १९०९ साली पुणे सेवासदनाचे काम सुरू केले, आणि काही काळातच सेवासदनाच्या बायका ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. कल्पना करा, सोवळ्यात वाढलेली बाई, परपुरुषाच्या अंगाला हात लावावयाचा, मलमूत्र काढावयाचे, रात्री घराबाहेर राहावयाचे! समाजाने काय काय म्हटले असेल ते सांगावयास नको. परंतु ज्या बाईचा पहिला संसार मोडला होता तिला दुसरे आयुष्य हवे होते, आणि ते ह्या कामाने दिले. म्हणजे आपल्या मराठी समाजात परिचर्येचा धंदा ज्यांनी मानाला चढवला, त्यांत प्रथम वयात घर सोडून आलेल्या कुमारिकांपेक्षा आयुष्याच्या मध्यावर वाट बदललेल्या स्त्रियांचा वाटा मोठा आहे. ही गोष्ट आपण विसरलो, म्हणून चाळिशीची विद्यार्थिनी आपल्याला नवलाची वाटते.

येथे एक शंका घेतली जाते, आणि ती खरी आहे. घरच्या आजाऱ्याचे केले म्हणजे परिचर्या आली काय? माया असली की पुरे होत नाही काय? ह्याला मी एकच उदाहरण देते. कलकत्त्याच्या एंटाली भागात सेंट मेरी शाळेत एक धर्मभगिनी भूगोल व इतिहास शिकवीत असत. पुढे त्या तिथल्या मुख्याध्यापिका झाल्या. १७ ऑगस्ट १९४८ रोजी निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या मठाबाहेर पडल्या, त्या सर्वांत गरिबांची सेवा करण्यासाठी. जग त्यांना मदर तेरेसा म्हणून ओळखते. परंतु त्या थेट झोपडपट्टीत गेल्या नाहीत. त्या आधी पाटण्याला गेल्या. तेथे वैद्यकीय सेवा करणाऱ्या धर्मभगिनींचे रुग्णालय होते. अडतीस वर्षांची ही मुख्याध्यापिका काही महिने तिथे विद्यार्थिनी झाली आणि रोग्याची निगा, प्रसूती, औषधोपचार ह्यांचे प्राथमिक शिक्षण तिने घेतले. कलकत्त्याच्या वस्तीत तिचे काम डिसेंबरात सुरू झाले, ते ह्या शिक्षणानंतर. ज्यांच्या मायेविषयी कुणालाच शंका नव्हती, त्यांनाही माया पुरेशी वाटली नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पाटण्यातलीच आणखी एक हकिकत सांगतात. आपण व आपल्या सहकारी भगिनींनी गरिबांप्रमाणे नुसता भात व मीठ खाऊन राहावे असा त्यांचा विचार होता. तिथल्या अनुभवी भगिनींनी तो मोडून काढला. दिवसभर रोग्यांत राबणाऱ्या मुलींना अर्धपोटी ठेवलेत तर त्याच आजारी पडतील, असे त्यांनी बजावले. प्रौढ वयात ह्या पेशाकडे वळणाऱ्या प्रत्येक बाईने ही गोष्ट ऐकून ठेवावी. घरी सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची आपली सवय वॉर्डात चालत नाही.

मी एका बाईचे हे शिक्षण जवळून पाहिले आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर बोलते. नाव सांगत नाही. तिला ते आवडणार नाही. खानापूर तालुक्यातली, पदरी दोन मुले, थोरली मुलगी माझ्याच वर्गात. नवरा अपघातात गेला तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. लग्नाआधी बारावी झालेली होती, तेवढ्या शिदोरीवर तिने सहायक परिचारिका व प्रसविका ह्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. दीड वर्ष शिक्षण आणि सहा महिने प्रत्यक्ष काम, अशी त्याची वाटणी असते. पहिल्याच आठवड्यात वॉर्डातल्या एका रोग्याने तिला ‘मावशी, भांडे आणा’ म्हणून हाक मारली. तिच्या अंगावर विद्यार्थिनीचा पोशाख होता, तरीही. तिने भांडे आणून दिले. “भांडं देणं हेही नर्सचं कामच आहे, बाई. पण मला मावशी म्हणाल्याचं घरी येईपर्यंत लागून राहिलं,” असे तिने मला सांगितले. वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुली तिला आधी काकू म्हणत. पुढे ती त्यांची अक्का झाली.

अभ्यासाने तिला प्रथम रडवले. हाडांची नावे, औषधांची नावे, सारी इंग्रजीच्या वळणाची. तिने ती जुन्या दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून चुलीजवळ टांगली. भाकरी थापताना मुलगी एकेक नाव विचारी आणि ती उत्तर देई; उत्तर चुकले तर मुलगी शाळेतल्यासारखे ‘पुन्हा’ म्हणे. मुलीच्या सामान्यविज्ञानाचे गुण त्या वर्षी वाढले, ह्याची साक्ष मी देऊ शकते. सासूबाईंनी स्वयंपाकाचा बराचसा भार उचलला. अशा हकिकती सांगताना आपण सासूला सहसा श्रेय देत नाही, म्हणून मुद्दाम नोंदवते.

हाताचे काम मात्र आपल्याला येतेच, असा तिचा समज होता, आणि खरे शिकणे तिथेच होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाखालची चादर त्याला न उठवता बदलणे हे शास्त्र आहे. एका अंगावर वळवायचे, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, नवी तिच्यामागून पसरायची, मग दुसऱ्या अंगावर घ्यायचे. आणि सुरकुती एकही राहता कामा नये, कारण हलता न येणाऱ्या माणसाला सुरकुतीदेखील बोचते. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. माकडहाडाजवळ, टाचांवर, खांद्याच्या फऱ्यांवर कातडी लाल दिसू लागली की समजावे, व्रण आत तयार होत आहे. तिच्या सासऱ्यांना असे व्रण झाले होते. घरातल्या सर्वांनी त्यांचे मायेने केले होते, पण दोन तासांचा हिशेब कुणी सांगितला नव्हता. ते शिकली त्या दिवशी ती फार वेळ गप्प होती.

औषध देताना पाच गोष्टी ताडून पाहाव्या लागतात: माणूस तोच ना, औषध तेच ना, मात्रा तीच ना, द्यायचा मार्ग तोच ना आणि वेळ तीच ना. घरी आपण ‘ती पिवळी गोळी दे गं’ म्हणून मोकळे होतो. शस्त्रक्रियेच्या आधी रोगी पाण्यासाठी कळवळतो, तेव्हा घोटभर पाणी देणे हे घरी पुण्य असते. वॉर्डात त्याच घोटाने बेशुद्धावस्थेत उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाऊ शकते. दया आवरून धरणे हे प्रौढ बाईला तरुणीपेक्षा अवघड जाते, असे तिचे मत झाले. तरुण मुलीला नवे शिकायचे असते, हिला आधीचे विसरून नवे शिकायचे असते.

प्रसूतीच्या पाठांत तर हे विसरणे फारच होते. बाळ जन्मले की लगेच न्हाऊ घालायचे, नाळेला हळद-तेल लावायचे, आईचे पहिले घट्ट दूध म्हणजे चीक तो पिळून टाकायचा, हे तिने आजीकडून ऐकलेले. आता शिकवले गेले ते उलटे: बाळाला लगेच न्हाऊ घालू नये, अंग पुसून उबेत ठेवावे; नाळ कोरडी ठेवावी, तिला काहीही लावू नये; आणि चीक तासाभराच्या आत पाजावा, कारण बाळाला रोगांपासून राखणारे पुष्कळसे त्यातच असते.

पण येथेच तिच्या वयाने आपला हिशेब चुकता केला. सहा महिन्यांच्या प्रत्यक्ष कामासाठी तिला जंगलाकडच्या वाड्यांवर जावे लागे. एका घरी सून नुकतीच बाळंत होऊन आली होती. म्हातारीने चीक पाजू देण्यास साफ नकार दिला. बरोबरच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने पुस्तकातले सर्व मुद्दे ओळीने सांगितले. म्हातारीने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग ती हिच्याकडे वळली.

“तुला पोरं किती?”

“दोन.”

“दोघांस्नी चीक पाजलास काय गं?”

“थोरलीला नाही पाजला, आजी. आमच्याकडं पाजत नव्हते. धाकट्याला दवाखान्यातल्या सिस्टरनं पाजायला लावला.”

म्हातारी बराच वेळ दोघींकडे आळीपाळीने पाहत राहिली आणि मग सुनेला म्हणाली, “घे गं त्याला अंगाव.” हे ऐकल्यावर मला वाटले, ह्या एका वाक्यासाठी त्या बाईचा पहिला संसार, तिची दोन बाळंतपणे आणि तिची पस्तिशी हे सारे खर्ची पडले आहे, आणि त्या म्हातारीला पटेल असे दुसरे कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. तरीही नुसत्या अनुभवाने ती तिथे पोचली नसती. अनुभव एकटाच असता तर म्हातारीबरोबर तिनेही चीक पिळून टाकला असता.

आता त्या पस्तीसच्या आकड्याकडे येते. भारतीय परिचर्या परिषदेने सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र ह्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे जे नियम २०१५ साली केले, त्यांत प्रवेशाचे वय किमान सतरा व कमाल पस्तीस ठेवलेले आहे. आधीच सहायक परिचारिका झालेल्या स्त्रीला मात्र ही वयाची अट नाही. ही सवलत चांगली आहे. तिच्यामुळे माझ्या ओळखीच्या त्या बाईला पुढचे दार उघडे राहिले. परंतु डिक्सबाईंच्या परिपत्रकात पस्तीस हा जो उंबरठा होता, त्यालाच येथे कडी घातलेली आहे. आपल्या घरांतले वेळापत्रक पाहा. विशीच्या मध्यावर लग्न, मग मुले. धाकटे मूल माध्यमिक शाळेत जाईपर्यंत बाई चाळिशीजवळ पोचते. म्हणजे तिचे हात ज्या वर्षी मोकळे होतात, त्याच्या आधीच दार लागलेले असते.

ह्या नियमामागे काही विचार नाही असे मी म्हणत नाही. जागा थोड्या असतात. एका विद्यार्थिनीवर संस्था व सरकार जो खर्च करतात त्याचा लाभ अधिक वर्षे मिळावा, ही अपेक्षा गैर नाही. काम अंगमेहनतीचे आहे. माणसे उचलावी लागतात, रात्रपाळ्या कराव्या लागतात, उभे राहून पायांच्या शिरा फुगतात. हे सारे खरे. पण चाळिसाव्या वर्षी शिकून निघालेली बाई साठीपर्यंत वीस वर्षे काम करील. विशीत शिकलेल्या मुलींपैकी कित्येक जणी लग्नानंतर नोकरी सोडतात, कित्येक आखाती देशांत वा युरोपात जातात. त्यांना आपण दोष देत नाही, मग हिलाच वर्षांचा हिशेब का विचारावा? अंगबळाची शंका असेल तर अंगबळ तपासावे. त्यासाठी वैद्यकीय तपासणी आहेच. जन्मतारखेवरून गुडघ्यांची परीक्षा होत नाही. ब्रिटनमध्ये परिचर्येच्या पदवीला वयाची वरची मर्यादा नाही. गोव्यातून पोर्तुगीज पारपत्रावर स्विंडनसारख्या शहरांत जाऊन राहिलेली आपली माणसे आहेत. त्यांच्यातली एखादी चाळिशीची बाई तिथे ह्या शिक्षणासाठी अर्ज करू शकते, आणि तिची मडगावात राहिलेली बहीण तोच अर्ज येथे करू शकत नाही. हा फरक कोणत्या शास्त्रावर उभा आहे?

मर्यादा उठेपर्यंत काय करावे, असे मला विचारतात. बत्तिशी-तेहतिशीची बारावी झालेली बाई माझ्याकडे आली तर मी तिला सांगते, पुढच्या वर्षी पाहू म्हणू नकोस. ह्याच वर्षी अर्ज कर. जिची पस्तिशी उलटली आहे तिने निराश होऊन घरी बसावे असेही नाही. सेंट जॉन ॲम्ब्युलन्ससारख्या संस्था प्रथमोपचाराचे व गृहपरिचर्येचे लहान वर्ग घेतात. ते केल्याने कुणी परिचारिका होत नाही, आणि झालो असे म्हणूही नये. पण घरच्या वा शेजारच्या रोग्याची कूस दोन तासांनी बदलली पाहिजे एवढे तरी कळते. शहरांतून हल्ली घरी रोग्याजवळ बसायला बायका पुरवणाऱ्या मंडळ्या झाल्या आहेत. ह्या बायका बहुधा प्रौढच असतात. त्यांना कुणी काही शिकवलेले नसते, आणि घरची माणसे मात्र त्यांना नर्स समजून निर्धास्त झोपतात. ह्यात रोग्याचे नुकसान आहे, आणि त्या बाईचेही. कारण काही बिघडले की दोष तिच्या माथी येतो.

वेळ संपत आली म्हणून व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून थांबते. प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला राज्याच्या परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे परिषदेकडूनच विचारून घ्यावे. नुसत्या फलकावर वा छापील पुस्तिकेवर भरवसा ठेवू नये. अमान्य संस्थेतून शिकलेल्या बाईची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीवाचून तिला परिचारिका म्हणून काम करता येत नाही. दोन वर्षे व साठवलेले पैसे दोन्ही बुडतात. वयाची अट राज्याप्रमाणे व अभ्यासक्रमाप्रमाणे त्या वर्षी काय आहे, तेही त्याच वेळी लेखी विचारावे. जन्मतारखेचा दाखला, बारावीचे गुणपत्रक आणि लग्नानंतर नाव बदलले असल्यास त्याचा कागद ही तिन्ही आधीच जवळ करून ठेवावीत. शेवटचा कागद मिळवण्यात महिना मोडतो, आणि अर्जाची मुदत तेवढी थांबत नाही.